केळी, नग 11

माझ्या पाकिटात एक पिवळं टोकन आहे. क्रमांक 47. मागे निळ्या बॉलपेननं लिहिलंय, 'केळी, नग 11'. मी ते परत केलेलं नाही आणि करणारही नाही. पैसे हातात पडेपर्यंत काटापट्टी, म्हणजे मालाच्या वजनाची चिठ्ठी, सोडायची नसते, हे कापूस विकणाऱ्या घरात लहानपणीच शिकवतात.

मे महिना, बाहेर 44 अंश. सावद्याची मावशी जळगावला डॉक्टरकडे आली होती आणि नंबर दुपारी चारनंतरचा. नव्यानं सजवलेला मॉल जवळच, निदान गार हवा तरी फुकट, म्हणून तिला घेऊन गेलो. तिच्या पिशवीत घरच्या केळीची एक फणी होती. मावशी रिकाम्या हातानं डॉक्टरकडेही जात नाही.

दारावरचा गार्ड पोरगेला, अंगातला गणवेश दोन मापं मोठा. पिशवी यंत्रातून गेली, पडद्यावर फणी उमटली.

"मॅडम, बाहर का खाना अलाउड नहीं."

"खाणं कोठी हाये, भाऊ? केयी हायेत."

'केयी' ऐकलं आणि त्याची हिंदी गळून पडली. "मावशी, मी बी तुमच्याकडचाच, चिनावलचा. पण नियम हाये."

मी मध्ये पडलो. "अरे, 2016 साली जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालंय!"

"मानांकनवाली पण बाहेरच, सर."

त्यानं रजिस्टर उघडलं आणि केळी मोजायला घेतली. दहापर्यंत बरं चाललं. अकराव्याला थबकला. ते जुळं केळं होतं. एका सालीत दोन.

"मावशी, हे एक धरू का दोन?"

"दोन. खाशीन तं कळीन."

"पण साल एकच हाये."

मागे रांग वाढत होती. त्यानं वॉकीटॉकी तोंडाशी नेला. "सर, मेन गेट. एक केळं दोन आहे. ओव्हर." पलीकडे बराच वेळ खरखर. मग आवाज आला, "फोटो पाठव." फोटो गेला. आम्ही, रांग आणि जुळं केळं, सगळे वरच्या निकालाची वाट पाहत उभे. शेवटी निकाल आला : जोडलेलं असेल तर एकच नग. गार्डनं '11' लिहिलं, खाली सही केली, मला टोकन दिलं. मावशीनं जाता जाता त्याला बजावलं, "जुळं तू खाऊ नको बरं. लगन व्हयाचं असीन तुझं. जुळे होतात." पोरगा कानापर्यंत लाल झाला. एवढ्या वेळात माझ्या लक्षात आलं की त्याला बसायला साधं स्टूलही नव्हतं.

आत काच, काच आणि काच. पूर्वी खांबांभोवती बाकडी असायची, म्हातारी माणसं दुपार काढायची. नूतनीकरणात ती गेली. आता बसायचं तर काहीतरी विकत घ्यावं लागतं. मावशीचे गुडघे दुखायला लागले, म्हणून एका रेस्टॉरंटात शिरलो. मेनू कागदावर नाही, मोबाइलवर. तिथल्या यादीत पहिलंच नाव 'बनाना वॉलनट स्मूदी', 280 रुपये.

"किती केयी टाकता?" मावशीनं विचारलं.

"एक, मॅडम."

मावशी काही बोलली नाही. तिचा मुलगा रोज सकाळी चहाआधी मोबाइलवर बऱ्हाणपूरच्या बाजारातला केळीचा भाव बघतो. बाग वर्षभर सांभाळायची, आणि ऐन कापणीला मे-जूनचं वादळ येऊन अर्ध्या तासात खोडं आडवी करून जातं. 280 रुपयांत किती किलो केळी जातात हे तिला तोंडपाठ असणार. मलाही माहीत होतं. तरी मी स्मूदी मागवली. का मागवली, कोण जाणे. वेटर बघत होता म्हणून असेल.

बिल आलं. छापील 20 रुपयांची पाण्याची बाटली 70 ला. मी भांडलो. मॅनेजर गोड हसला, "सर, 2017 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे." घरी येऊन पाहिलं तर खरंच आहे, हॉटेलात छापील किमतीपेक्षा जास्त घेता येतात. मग मी सर्व्हिस चार्जवर बोट ठेवलं आणि सांगितलं, मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं म्हटलंय की हा सक्तीनं लावता येत नाही. हा निकाल मात्र त्याला पाठ नव्हता. काढला, पण पाकीट मारल्याचा आळ घेतल्यासारखा चेहरा करून.

बाहेर आलो तर गार्ड बदललेला. टोकन दाखवलं, फणी आली. मोजली. दहा. जुळं गायब.

"एकच कमी आहे, सर," रजिस्टर बघत नवा गार्ड म्हणाला.

"दोन कमी आहेत!"

"रजिस्टरला अकरा आहेत. अकरातून एक गेलं."

मी टोकन मुठीत धरून दहा मिनिटं भांडलो. दोन केळ्यांसाठी. शेवटी मावशीनं माझा दंड धरला. "चाल, नंबर जाईन," म्हणाली. मग पुन्हा मागे वळली, काळजीच्या सुरात.

"भाऊ, ते आधीचं पोरगं... त्याचं लगन झालेलं हाये का?"