भेट लेकीची, ओटीपी आईचा

घरच्या ग्रुपवर सध्या वाद चाललाय तो पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांनी मित्रमैत्रिणींना द्यायच्या भेटींचा. भाऊजींचं म्हणणं, मुलांनी ते आपल्या पैशातून बघावं, दर महिन्याला कुणाचा ना कुणाचा वाढदिवस असतोच. आई म्हणते, पोरांकडे कुठून येणार पैसे? कमावती झाली की देतील, तोवर आईबापांनीच द्यायचे. मी जर्मनीत राहते, माझी मुलगी चौदा वर्षांची आहे, आणि मला दोघांचंही पटत नाही.

भाऊजींच्या बोलण्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: मुलांकडे 'आपले पैसे' आहेत. माझ्या भाचीकडे ते नाहीत. तिला काही कमी पडत नाही, पण प्रत्येक वेळी मागावं लागतं. 'लागेल तेव्हा माग, आम्ही कधी नाही म्हटलंय का?' हे आपल्याकडे मोठ्या प्रेमाने म्हटलं जातं, आणि ते खरंही असतं. पण मागून मिळालेल्या पैशावर मत देणाऱ्याचंच चालतं. भाचीने मैत्रिणीसाठी ऑनलाइन एक छोटीशी वस्तू निवडली होती. ओटीपी ताईच्या फोनवर आला, ताईने रक्कम पाहिली आणि म्हणाली, "एवढ्यातच? बरं दिसत नाही. त्यांनी तुला काय दिलं होतं आठव जरा." शेवटी मैत्रिणीच्या घरी गेली ती ताईने पसंत केलेली वस्तू. ती भेट भाचीने दिली असं मी म्हणणार नाही. ती एका घराने दुसऱ्या घराला केलेली परतफेड होती.

इथे जर्मनीत मुलांच्या हातखर्चाला कायद्यातच जागा आहे. 1900 साली लागू झालेल्या नागरी संहितेचं 110 वं कलम सांगतं, की आईवडिलांनी मुलाला मोकळेपणाने वापरायला दिलेल्या पैशातून त्याने रोख व्यवहार पुरा केला, तर तो त्यांच्या वेगळ्या संमतीशिवायही वैध ठरतो. सात वर्षांपुढच्या मुलांना हे लागू आहे. उधारी आणि हप्ते त्यात बसत नाहीत. आजीने दिलेले पैसेही, ते वापरायला आईवडिलांची हरकत नसेल तरच चालतात. हातखर्च द्यायलाच हवा अशी सक्ती कायदा करत नाही, पण एकदा दिला की तो मुलाचा, हे इथल्या बहुतेक घरांत मुरलेलं आहे. मुलीच्या महिन्याच्या पैशांचं मी काही विचारत नाही. सुरुवातीला जीभ चावून गप्प बसावं लागायचं.

आपल्याकडे 1872 च्या करार कायद्यानुसार अल्पवयीन मुलाने केलेला करार मुळातच रद्दबातल, आणि प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या लंडनमधल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, 1903 मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं. कायद्याचा हेतू मुलांचं संरक्षण हाच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. शिवाय 2014 पासून रिझर्व्ह बँकेने दहा वर्षांपुढच्या मुलांना स्वतःचं बचत खातं स्वतः चालवायची वाट मोकळी केली आहे. म्हणजे दार उघडं आहे, घरंच त्यातून जात नाहीत.

आता आईचा मुद्दा: कमवत नाहीत तर देणार कुठून? इथे जर्मनीत तेरा वर्षं पूर्ण झाली की आईवडिलांच्या परवानगीने दिवसाला दोन तासांपर्यंत हलकं काम करता येतं. पेपर टाकणं, लहान मुलं सांभाळणं, खालच्या वर्गातल्या मुलांना शिकवणं. मुलीच्या वर्गातली काही मुलं करतात. पण 'तिथली मुलं बघा कशी कमावतात' हे मी भाचीला कधीही ऐकवणार नाही. ज्या देशात असंख्य मुलं घर चालवायला राबतात, तिथे मुलांच्या कामाचा अर्थच निराळा आहे. माझ्या मते भेटीसाठी कमाईची गरजच नाही. ठरलेल्या तारखेला ठरलेली रक्कम हातात पडली, आणि नंतर हिशेब विचारला नाही, की ते पैसे मुलांचे झाले. मग ते खिशातल्या नोटांत असोत की खात्यात.

इथली पद्धत निर्दोष आहे असं नाही. हातखर्च घरोघरी वेगळा, आणि ज्याला कमी मिळतो त्याला ते कळतंच. 'बरं नाही वाटत' म्हणून वाढदिवसाला न जाणारी मुलं इथेही असतात. कॉन्ट्री काढायची आपल्याकडच्या मुलांची सवय मला त्यासाठी आवडते, फक्त सगळ्यांचा आकडा सारखाच असावा हा हट्ट सोडायला हवा. मुलगी आणि तिच्या तीन मैत्रिणींनी मिळून एक भेट घेतली तेव्हा चौघी आमच्या टेबलावर नाणी मोजत होत्या. एकीचे पैसे अगदीच थोडे निघाले. कुणी काही बोललं नाही. तिने कात्री घेतली, वेष्टनाचा कागद कापला आणि सगळ्यांच्या वतीने चिठ्ठी लिहायला बसली. त्या टेबलाशी मोठ्यांपैकी कुणी असतं, तर 'राहू दे गं, तुझे मी घालते' असं पटकन निघालं असतं तोंडातून, आणि त्या मुलीला मान खाली घालावी लागली असती.

म्हणून ताईला मी एवढंच कळवलं: रक्कम तू ठरव, घराला झेपेल तेवढीच ठरव, पण भेटीची निवड आणि किंमत तिच्यावर सोड. नातेवाइकांच्या घरी जे न्यायचं ते तुझ्या पाकिटातून, कारण ते नातं तुझं. मैत्रिणीसाठी जे न्यायचं ते तिच्या पैशातून, मग ते हाताने केलेलं कार्ड असलं तरी चालेल. समोरच्या आईला ते कमी वाटलं तर वाटू दे. ताईचं उत्तर आलं, "आणि तिने सगळे पैसे पहिल्याच आठवड्यात उडवले तर?" मी लिहिलं, मग त्या महिन्यात कार्ड.