एमआरआय नॉर्मल आला म्हणून डिप्रेशन खोटं ठरत नाही

डिप्रेशनवरच्या पोस्टसोबत एक चित्र हमखास फिरतं. डावीकडे लाल-पिवळा, झगमगता 'निरोगी मेंदू', उजवीकडे निळा, विझल्यासारखा 'डिप्रेशनचा मेंदू'. टाकणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. हे नाटक नाही, आजार आहे, एवढं घरच्यांना पटावं. पण हीच युक्ती पेशंटच्या अंगाशी येते. चित्र पाहून घरचे एमआरआय करून घेतात, रिपोर्ट 'नॉर्मल' येतो आणि मग ऐकावं लागतं, "बघ, काही नाहीये तुझ्या डोक्यात, उगीच करतोस."

रिपोर्ट बहुतेक वेळा नॉर्मलच येणार असतो.

मुळात ती रंगीत चित्रं मेंदूच्या रचनेची नसतातच. बहुधा ती पेट किंवा स्पेक्ट स्कॅनची असतात. त्यात ग्लुकोजचा वापर किंवा रक्तप्रवाह दिसतो आणि कुठल्या आकड्याला कुठला रंग द्यायचा हे माणूस ठरवतो. रचना पाहायची तर एमआरआय लागतो. संशोधनात साधारण १ मिमी बाजूच्या ठोकळ्यांत मेंदूचं चित्र घेतात आणि सॉफ्टवेअर एकेका भागाच्या सीमा आखून घनफळ व जाडी काढतं.

या मोजमापांतून फरक दिसतो, हे खरं आहे. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञ यवेट शेलीन यांच्या गटाला वारंवार डिप्रेशन येणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस (मेंदूतला स्मरणशक्तीशी संबंधित भाग) लहान आढळला. पण पेशंट होते फक्त १०. पुढे एनिग्मा या आंतरराष्ट्रीय गटाने अनेक केंद्रांचे स्कॅन एकत्र केले. २०१६ च्या त्यांच्या अभ्यासात १,७२८ पेशंट आणि ७,१९९ निरोगी माणसं होती. पेशंटचा हिप्पोकॅम्पस सरासरी १.२४ टक्क्यांनी लहान निघाला. एका बाजूचा हिप्पोकॅम्पस ढोबळमानाने साडेतीन घन सेंटिमीटरचा धरला, तर हा फरक साडेतीन मिलिमीटर बाजूच्या एका ठोकळ्याएवढा होतो. निरोगी माणसांमध्येच त्याचा आकार याच्या कितीतरी पट कमी-जास्त असतो. त्यामुळे एक पेशंट आणि एक निरोगी माणूस डोळे झाकून निवडला, तर पेशंटचा हिप्पोकॅम्पस लहान निघण्याची शक्यता शंभरात चोपन्नच्या आसपास येते. नाणं उडवण्यापेक्षा किंचित बरी, इतकंच. शिवाय हा फरक मुख्यतः डिप्रेशनचे वारंवार झटके येणाऱ्यांत आणि एकविशीपर्यंत आजार सुरू झालेल्यांत दिसला. पहिल्याच झटक्यातल्या पेशंटमध्ये तो दिसलाच नाही!

कॉर्टेक्सचं, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थराचंही असंच. एनिग्माच्याच पुढच्या वर्षीच्या अभ्यासात प्रौढ पेशंटमध्ये कपाळामागच्या भागाची खालची बाजू, सिंग्युलेट व इन्सुला हे आतल्या बाजूचे भाग आणि कानाजवळचा टेम्पोरल भाग सरासरी पातळ आढळले. पण कॉर्टेक्सची जाडीच अडीच मिलिमीटरच्या आसपास. त्यातला फरक मिलिमीटरच्या शतांश भागांत मोजावा लागतो. २०२२ मध्ये एका जर्मन गटाने सुमारे १,८०० जणांच्या मेंदूची रचना, जोडण्या आणि कार्य असं सगळं तपासलं. एकेका मोजमापावरून पेशंट ओळखण्याची अचूकता ५४ ते ५६ टक्क्यांवरच अडली.

त्यात स्कॅनरमध्ये डोकं जरा हललं, तरी कॉर्टेक्स प्रत्यक्षापेक्षा पातळ मोजला जातो. अस्वस्थ माणूस जास्त हलतो, म्हणजे चूक नेमकी अपेक्षित दिशेनेच होते. 'औषध घेणाऱ्यांत फरक जास्त' हे वाक्य वाचून गोळ्या बंद करणारेही आहेत. अहो, ज्याचा आजार जास्त तीव्र, त्यालाच औषध सुरू असण्याची शक्यता जास्त! एकाच वेळी काढलेल्या स्कॅनवरून कारण कुठलं आणि परिणाम कुठला, हे ठरत नाही.

'मेंदू आक्रसतो' हा शब्दप्रयोगही मला खटकतो. ऐकणाऱ्याला वाटतं, पेशी मेल्या, आता संपलं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत दीर्घ ताणाने हिप्पोकॅम्पसमधल्या पेशींच्या फांद्या आखडतात आणि ताण हटल्यावर बऱ्याच अंशी पुन्हा फुटतात. कुशिंग आजारात कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढलेलं असतं. ते उपचाराने खाली आल्यावर हिप्पोकॅम्पसचं घनफळ वाढल्याचं मोजलं गेलं आहे.

मग डॉक्टर कधीकधी एमआरआय का सांगतात? दुसरं काही नाही ना, हे पाहायला. पन्नाशी-साठीनंतर पहिल्यांदाच आलेलं डिप्रेशन, सोबत फिट, नवी तीव्र डोकेदुखी, चालण्यात फरक, एका बाजूची कमजोरी, झपाट्याने घसरणारी स्मरणशक्ती किंवा डोक्याला मार, अशा वेळी गाठ, स्ट्रोक, मेंदूत साचलेलं पाणी शोधायचं असतं. उतारवयात मेंदूच्या पांढऱ्या भागातले ठिपके जास्त असतील, तर रक्तवाहिन्यांच्या आजाराचा विचार होतो आणि रक्तदाब, साखर यांकडे लक्ष द्यावं लागतं. मात्र रिपोर्टमध्ये 'वयानुरूप बदल' लिहिलं असेल, तर त्याचा अर्थ तेवढाच.

यातलं काही नसेल, तर आधी टीएसएच (थायरॉइडसाठीची रक्ततपासणी), हिमोग्लोबिन, बी-१२ तपासून घेणं जास्त उपयोगाचं. निदान होतं ते बोलून, लक्षणं आणि त्यांचा कालावधी विचारून. पीएचक्यू-९ ही प्रश्नावली गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न विचारते. प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. बेरीज १० किंवा जास्त आली, तर डॉक्टरांकडून नीट तपासणी करून घ्यावी. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. त्याचं उत्तर शून्याच्या वर असेल, तर बेरीज करत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.