'जा'वर संपणारी

आत्या हे पद मानाचं. लग्नात करवलीचा जो तोरा, तोच बारशात आत्याचा. फरक एवढाच, की करवलीनं नुसतं मिरवायचं असतं आणि आत्यानं नाव शोधायचं असतं. शोधलेलं नाव बाळाच्या कानात 'कुर्रर्र' करून सांगताना वर पाठीत बुक्क्या खायच्या असतात. या बुक्क्या नेमक्या कशाबद्दल, हे कळायला मला दोन भाच्या व्हाव्या लागल्या. ज्यांना ज्यांना नाव पसंत पडलेलं नसतं, त्या सगळ्यांची ती सोय आहे.

दादाला दुसरी मुलगी झाली आणि दवाखान्यातूनच वैनींचा फोन आला. "वन्सं, नाव तुमीच काढायचं. फक्त 'जा'वर संपाय पायजे."

कारण सरळ होतं. आईचं नाव पद्मजा, वैनींचं तनुजा, थोरलीचं गिरिजा. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या आमच्या माहेरच्या दारावर नावांची पाटी आहे, तिच्यावर ही तिन्ही नावं एकाखाली एक अशी बसतात, की शेवटचा 'जा' सुतानं आखल्यासारखा सरळ रेषेत येतो. चौथं नाव 'अन्विता' आलं तर पाटी बिघडणार. दादाचं नाव रमेश. ते पाटीवर सगळ्यात वर आहे आणि त्याच्या शेवटच्या अक्षराची चौकशी आजवर कुणी केलेली नाही.

मला वाटलं, हे काम सोपं आहे. संस्कृतमध्ये 'जन्' धातूपासून 'ज' येतो, जन्मलेला. स्त्रीलिंगी 'जा', जन्मलेली. पाणिनीनं त्यासाठी 'सप्तम्यां जनेर्डः' असं सूत्रच करून ठेवलंय. कुठं जन्मली ते आधी लिहायचं, पुढं 'जा' लावायचं, की नाव तयार. गिरीच्या पोटी जन्मली ती गिरिजा. पण शैल म्हणजेही डोंगर, अद्री म्हणजेही डोंगर, म्हणून शैलजाही तीच आणि अद्रिजाही तीच. हिमालयाची म्हणून हिमजा, तीही पार्वतीच. थोरलीचं नाव गिरिजा असताना धाकटीचं शैलजा ठेवलं तर दोन्ही पोरींचं नाव एकच ठेवल्यासारखं होतं. वैनींचं स्वतःचं तनुजाही तसं गमतीचंच. तनू म्हणजे शरीर, त्यातून जन्मली ती तनुजा, म्हणजे नुसती 'मुलगी'. आत्मजा म्हणजेही मुलगीच. "म्हंजे माझ्या आईबापानी माझं नाव 'मुलगी' ठेवलंय?" असं म्हणून वैनी बराच वेळ गप्प बसल्या. ते मी सांगायला नको होतं.

सीतेची नावं काढली. जमिनीतून आली म्हणून भूमिजा, अवनिजा. आबा तलाठी कचेरीतून निवृत्त झालेत. ते म्हणाले, "भूमिजा नको. सातबारा डोळ्यापुढं येतोय."

मग आले गुरुजी. बाळाचं हस्त नक्षत्र, तिसरा चरण, म्हणजे जन्माक्षर 'ण'.

बालवाडीत आपण 'क कमळाचा' म्हणत जातो आणि 'ण' आला की 'ण बाणाचा' म्हणतो. तिथं पहिल्यांदा 'ण' शब्दाच्या शेवटी येतो, कारण मराठीत 'ण'नं सुरू होणारा शब्द शोधून सापडत नाही. आणि आम्हाला हवं होतं 'ण'नं सुरू होऊन 'जा'वर संपणारं. दादा म्हणाला, "णजा." त्यानं एवढाच एक सल्ला दिला आणि तो गंगावेशीत दूध प्यायला निघून गेला.

गुरुजींकडं रदबदली केल्यावर त्यांनी पूर्ण हस्त नक्षत्र मोकळं केलं. पू, ष, ण, ठ. यातलं कुठलंही चालेल. 'ठ' म्हटल्यावर आज्जीचा चेहरा उजळला, कारण तिच्या पिढीत ठकूबाई, ठमाबाई पैशाला पासरी होत्या. 'ष'वर काका पुढं आले. काका देवल क्लबातल्या मैफली चुकवत नाहीत आणि उस्ताद अल्लादियाखाँसाहेब ज्या गावच्या दरबारात गायले त्या गावात आपण जन्मलो, हे ते चहाच्या गाड्यावरही सांगतात. त्यांनी 'षड्जा' काढलं. षड्ज म्हणजे 'सा', नाक, कंठ, छाती, टाळू, जीभ आणि दात अशा सहा ठिकाणांतून जन्मणारा. अर्थ उत्तम. आज्जीनं म्हणून बघितलं, "शेडजा." पुन्हा बघितलं, "शेडज्या." बाळ रडलं. काका म्हणाले, सुरात रडतीया. पण नाव बाद झालं.

राहिला 'पू'. आता वाचणाऱ्यांपैकी निम्मे जण 'पूजा, पूजा' म्हणून ओरडत असतील. आम्हालाही ते सुचलंच की. पहिलं अक्षर 'पू', शेवटचं 'जा', मधे कुणी नाही. पण आमच्या बोळात पूजा म्हणून हाक मारली तर चार खिडक्या उघडतात. शिवाय कुणी ते नाव तोंडातून काढायच्या आत वैनी म्हणाल्या, "ते सोडून." दादा तेवढ्यात पाणी प्यायला उठला. आम्ही पुढं विचारलं नाही.

मग मला 'पूर्वजा' सापडलं. हस्त नक्षत्राला धरून, 'जा'वर संपणारं, वर कुणाचंही नसलेलं. मी कागदावर लिहून सगळ्यांना दाखवलं, वैनींनी तीनदा म्हणून बघितलं, आबांनी मान हलवली. मी आनंदानं अर्थ सांगायला लागले आणि दुसऱ्याच शब्दाला अडखळले. पूर्वजा म्हणजे आधी जन्मलेली, थोरली बहीण. गिरिजा सहा वर्षांची आहे. ती कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "मग मी कोण? मी आधी आलो." (आमच्याकडं पोरी 'मी आलो, मी गेलो'च म्हणतात. मीही म्हणते. लिहिताना 'आले, गेले' होतं ते शाळेतल्या बाईंच्या धाकानं.) तिला समजावेपर्यंत काकांनी विषय पितृपक्षाकडं नेला. "रोज हाक मारायची, 'पूर्वजा, जेवाय ये.' कावळा शिवंल बघा ताटाला."

खरं तर धाकटीला शोभणारं नाव तयारच होतं, अनुजा. मागाहून जन्मलेली, धाकटी बहीण. पण ते 'अ'चं, आणि शेजारच्या काकूंनी "तिसरी झाली तर काय करशीला?" असं विचारून घरात शांतता पसरवली.

गुरुजींनी आणखी सैल सोडलं आणि अख्खी कन्या रास दिली. आता कुठलाही 'प' चालणार होता. पंकजा! पंक म्हणजे चिखल, चिखलात जन्मलेली, म्हणजे लक्ष्मी किंवा कमळ. वैनींना चिखल आवडला नाही. आबा म्हणाले, "२०१९ ला आणि २०२१ ला पंचगंगा घरात आली तवा गुडघाभर चिखल काढलाय आमी. निम्मं कोल्हापूर पंकजच हाय." पण खरी अडचण कमळाची होती. बारशाला येणाऱ्या पाव्हण्यांत सगळ्या पक्षांची माणसं, आणि आमच्याकडं पंगतीत राजकारण निघालं की तांबडा रस्सा आधी संपतो का भांडण, सांगता येत नाही. त्या एका कारणानं नीरजा, जलजा, अंबुजा, वारिजा ही सगळी पाण्यात जन्मलेली नावं पाण्यातच राहिली.

प्रजा हे नाव मावसभावानं सुचवलं. व्युत्पत्ती तीच, 'प्र' आणि 'जन्', अर्थ अपत्य. पण मावसभावाच्या मुलाचं नाव राजा आहे. त्याचा हेतू सगळ्यांना कळला.

शेवटी 'प'नं सुरू होणारं, 'जा'वर संपणारं, अर्थानं निर्मळ, ऐकायला गोड असं एकच नाव उरलं. पद्मजा. म्हणजे माझी आई. आई अंगणात तांदूळ निवडत होती. हयात सासूचं नाव पोरीला ठेवायची आमच्याकडं रीत नाही, पण वैनींच्या डोळ्यांत जी चमक आली ती मी तोवर कधीच बघितली नव्हती. दिवसभर घरात मोठ्यानं म्हणता येणार होतं, 'पद्मे, ऊठ की गं आता, किती लोळशील!' 'पद्मे, सांडलंस न्हवं!' आई सूप खाली ठेवून म्हणाली, "माझं नाव कोण घेतंय?" विषय तिथंच संपला. चमक मात्र संध्याकाळपर्यंत होती.

या सगळ्यात मला गुजरीत जायचं होतं. बाळाला आत्याकडून चांदीची वाटी आणि चमचा, त्यावर नाव कोरलेलं, अशी रीत. वाटी हुपरीची, नक्षी सुरेख. कोरणारा डोळ्याला भिंग लावून बसलेला.

"नाव बोला."

"अजून ठरायचंय. शेवटचं अक्षर तेवढं ठरलंय."

त्यानं भिंगातूनच माझ्याकडं बघितलं. "मग शेवटचं घालून देतो. मागचं नंतर घेऊन या. किती अक्षरांची जागा सोडू?"

लग्नसराई होती, मागं गर्दी दाटली होती, मी म्हटलं, दोन सोडा. तो हात न कापता कोरत गेला, आणि वाटीवर सुबक, वळणदार अक्षरात आलं, 'जा'. नुसतंच 'जा'. घरी आणल्यावर पहिल्यांदा ती आमच्या यजमानांच्या हातात पडली. ते म्हणाले, "पाव्हण्यांसाठी केलीस काय?"

दादाचं मत असं, की घाई कशाला. जन्माची नोंद २१ दिवसांत झाली की झालं, नाव वर्षभरात फुकट घालता येतं आणि लेट फी भरली तर १५ वर्षांपर्यंत. "पंधराव्या वर्षी ती आपलं आपण ठरवंल." वैनींनी नुसतं बघितलं.

आज्जी या सगळ्या गोंधळात एकदाच बोलली. तिच्या धाकट्या बहिणीचं नाव नकुसा होतं. चौथी मुलगी झाली म्हणून. "तिच्या नावाचा अर्थ कुणी पुस्तकात बगितला न्हाई," आज्जी म्हणाली, "सगळ्यास्नी ठावं हुता." शेजारच्या सातारा जिल्ह्यात २०११ साली अशा दोनशेहून जास्त नकुशांची नावं एकदम बदलली, तेव्हा आज्जीनं पेपरातलं ते पान घडी करून ट्रंकेत ठेवलं. अजून आहे. तिची बहीण त्याआधीच गेली होती.

बारशाच्या आदल्या संध्याकाळी गुरुजी सामानाची यादी द्यायला आले. चहा घेता घेता, बशीत ओतता ओतता म्हणाले, "पत्रिकेतलं जन्मनाव वेगळं असतंय वो. हाक मारायचं काय पण ठेवा." हे त्यांनी आधी का सांगितलं नाही, असं मी विचारलं. ते म्हणाले, "कुणी विचारलं न्हाई."

"मग जिजा ठेवा," आज्जी म्हणाली.

घर गप्प. कावळा नाक्यावर घोड्यावर बसलेली ताराराणी ज्यांची नातसून, त्या जिजाऊ. रोज तिथून जातो आणि आम्ही डोंगर, समुद्र, चिखल धुंडाळत बसलो होतो. वैनींनी सवयीनं विचारलं, "अर्थ काय?" आबा म्हणाले, "जिजा म्हंजे जिजाऊ. आनि कसला अर्थ पायजे?" मी पटकन पुस्ती जोडली, की जिजाऊंचा जन्म १५९८चा, गाव सिंदखेडराजा. "गावबी 'जा'वर संपतंय की!" म्हणून वैनी खूश. पत्रिकेत ठकूबाई लिहायचं ठरलं.

बारसं झालं. मी पाळण्यात वाकून 'कुर्रर्र' केलं आणि बुक्क्या सुरू झाल्या. पूर्वजावाले, षड्जावाले, एक बुक्की बांगड्यांच्या ओळखीच्या किणकिणाटासह आली, ती आईची. घुगऱ्या वाटल्या. वाटीवर आता 'जि' आणि 'जा' यांच्यामधे एका अक्षराची जागा मोकळी आहे. पाव्हणे विचारतात, मधलं पुसलं काय?

दुसऱ्या दिवसापासून पोरीला आज्जी ठके म्हणते, काका जिजे, गिरिजा बारके, दादा पिल्लू. थोरलीलाही सगळे गिरेच म्हणतात आणि वैनींना त्यांच्या माहेरी तने. ज्या 'जा'साठी एवढा आटापिटा केला तो पाटीवर सोडून कुठंच ऐकू येत नाही. वैनींचं त्यावर काही म्हणणं नाही. पाटी सरळ आली.

परवा चुलतभावाच्या बायकोचा फोन आला. तिला सातवा लागलाय.

"वन्सं, आमची थोरली तन्वी. दुसरीबी मुलगी झालीच तर 'वी'वर संपणारं बगून ठेवा. पल्लवी, वैष्णवी, जान्हवी सोडून हां, ती सगळी पाव्हण्यांत हाईत."

मी विचारलं, "डॉक्टरनी तारीख कवाची दिलीया?"

"नवरात्रातली."

मी तिला सांगितलं, नवरात्रात आम्ही गावाला जाणार आहोत. ती म्हणाली, "मग नाव आधीच व्हॉट्सअपला पाठवा. बुक्क्या आल्यावर देतो."