खुलासा : हॉप्सचा कंद फ्रिजमध्ये ठेवायची गरज नाही

हॉप्स म्हणजे बिअरला कडवट चव देणारी वेल. 'मुंबईत थंडी नाही, म्हणून हॉप्सला फुलं धरत नाहीत. कंद दोन महिने फ्रिजमध्ये ठेवा' हा फिरणारा सल्ला चुकीचा आहे. फुलायला हॉप्सला थंडी लागतेच असं नाही. खरी अडचण दिवसाच्या लांबीची : दिवस लहान असला की हॉप्स फुलायला लागतं. मुंबईत जूनमध्येही दिवस जेमतेम सव्वातेरा तासांचा, त्यामुळे वेल बुटकी असतानाच फुलते, वाढ खुंटते आणि हाती मूठभर शंकू (मादी वेलीची शंकूसारखी फुलं) येतात.

उपाय उजेडाचा आहे. पाऊस सरल्यावर मादी रोप ४०-५० लिटरच्या, तळाला भोकं पाडलेल्या ड्रममध्ये लावा. टायमरवर एलईडी पट्टी लावून दिवसाचा एकूण उजेड १६-१७ तास करा. बाल्कनीत उंची कमी पडते, तेव्हा सुतळी ग्रिलवरून तिरकी न्या आणि शेंडा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळा. वेल १०-१२ फूट होऊन बगलफुटी (पानांच्या बगलेतून फुटणाऱ्या फांद्या) दिसल्या की जादा उजेड बंद, म्हणजे लहान दिवसामुळे वेल फुलेल. मात्र रस्त्यावरचा दिवा थेट पानांवर पडत असेल तर रात्री आडोसा हवाच, नाहीतर फुलणं लांबतं.

पानांवर फिकट ठिपके आणि खाली बारीक जाळी दिसली तर ती लाल कोळी ही कीड. पानांच्या खालच्या बाजूला पाण्याचा जोरदार फवारा मारा. पावसाळ्यात ड्रम आडोशाला घ्या, पाणी साचलं की मुळं कुजतात.