वारा येईल तशी पाठ फिरवली म्हणणाऱ्या ताईंना

‘एक जुनी वाचक’ या नावाने मागच्या आठवड्यात आलेल्या कमेंटला उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं, पण चार दिवस ती डोक्यातून जाईना. ताईंचं म्हणणं थोडक्यात असं, की २०२१ मध्ये मीच जेड रोलर (चेहऱ्यावर फिरवायचा दगडी रोलर) आणि गुआ शाला (चपट्या दगडाने त्वचा घासायचा प्रकार) "दगडाचे पैसे" म्हणाले होते आणि आता नव्या लेखात त्याचंच कौतुक करते, चेहऱ्यावर त्याने काही होतं याला धड पुरावा नाही, वांग असलेल्यांना मी सावध केलं नाही, आणि शेवटी, "पार्लरवाल्यांचं काय, वारा येईल तशी पाठ फिरवायची."

हे शेवटचं वाक्य लागलं. डॉक्टरने मत बदललं की त्याचा अभ्यास वाढला म्हणायचं आणि आम्ही बदललं की आम्ही विकलो गेलो, हा कुठला न्याय? एकोणीस वर्षं नाशकात पार्लर चालवतेय, हजारो चेहरे या हातांखालून गेलेत. २०२१ ला तसं लिहिलं कारण त्याच महिन्यात एक मुलगी दोन्ही गालांच्या हाडांवर लालसर-काळपट पट्टे घेऊन आली होती, रील बघून कोरड्या चेहऱ्यावर जोर लावून दगड घासला होता तिने, आणि आपली त्वचा घासली की काळी पडते हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. रडत होती हो माझ्यासमोर. मग मी काय गोड लिहायचं होतं?

आणि मत बदललं तेही असंच, समोर बघून. गेल्या वर्षी बँकेत काम करणारी एक बाई यायला लागली, रात्री दात आवळायची सवय, डेंटिस्टने दातांवर बसवायचं गार्ड दिलेलं, पण कानाखाली बोट ठेवलं तर जबड्याचा स्नायू सुपारीसारखा कडक. भरपूर तेल लावून दगडाची गोल कड हनुवटीपासून कानापर्यंत हळूहळू फिरवली, दर आठवड्याला. तिसऱ्या वेळी तिने खुर्चीतच मोठी जांभई दिली आणि म्हणाली, मॅडम, दुखलं नाही. हे बघून पण मी जुन्याच मताला चिकटून बसले असते तर तुम्हाला मी प्रामाणिक वाटले असते का?

एक चूक मात्र मान्य. गुआ शा मुळात चेहऱ्याचाच प्रकार आहे असं माझ्या लेखातून वाटतं, ते बरोबर नाही. चिनी वैद्यकात तो पाठीवर, मानेवर, लाल ठिपके उठेपर्यंत घासायचा उपचार आहे, चेहऱ्यावरचं हलक्या हाताचं रूप वेगळं. दुरुस्ती केलीये, लक्षात आणून दिल्याबद्दल आभार.

बाकी पुराव्याचं म्हणाल तर २०१८ मध्ये जपानी संशोधकांचा अभ्यास आलाय, पाच मिनिटं गालावर रोलर फिरवला तर तिथला रक्तप्रवाह वाढून पुढे निदान दहा मिनिटं वाढलेला राहतो. माणसं मोजकी होती, पण अगदीच काही नाही असं तर नाही ना! आणि सुरकुत्या जातात असं मी एकदाही लिहिलेलं नाही, सकाळची सूज उतरते एवढंच म्हटलंय, तीही काही तासांपुरती, कारण त्वचेखाली साचलेलं पाणी कानामागे-मानेकडे सरकतं. वांगाचं, पिंपल्सचं, फिलर (चेहरा भरीव दिसायची इंजेक्शनं) केलेल्यांनी हात लावू नये हे सगळं लेखात आहे, शेवटपर्यंत वाचलं असतंत तर दिसलं असतं.

"कुणी दिला दगड?" असंही विचारलंय तुम्ही. कुणी नाही. ४५० रुपयांना विकत घेतला, बिल ड्रॉवरमध्ये आहे. मी माझ्या नावाने लिहिते, तुम्हीही तुमच्या नावाने लिहा. नाहीतर पार्लरला या, सोमवार सोडून कधीही, बिलही दाखवते आणि किती हलका हात लागतो तेही तुमच्याच गालावर दाखवते.