पिनबॉलचा फोटो शेवटी, आधी उतार

राजेहो, जुनं पिनबॉल मशीन, म्हणजे उतरत्या फळीवर गोळी खेळवायचं यंत्र, कॉम्प्युटरवर उतरवायला बसलेला माणूस पहिल्या दिवशी काय करतो? फळीचा झकास फोटो शोधतो आणि महिनाभर त्याचे रंग साफ करत बसतो. माझं मत स्पष्ट आहे, कॉम्प्युटरवरचं टेबल तिथंच मरतं. दिसायला हुबेहूब, पण गोळी साबणावरून निसटल्यासारखी पळते.

आपल्या तालुक्याच्या गावात अस्सल मशीन हात लावायला मिळत नाही, हे खरं. पण उतार घरी मोजता येतो. मीटरभर गुळगुळीत प्लाय घ्या, एक टोक 11.3 सेंटीमीटर उचला. हे झाले 6.5 अंश, इलेक्ट्रॉनिक मशीनचा नेहमीचा उतार. वरून कंचा नुसता सोडा, ढकलू नका. खाली यायला त्याला साधारण 1.6 सेकंद लागतात. टोक 6 सेंटीमीटरच उचललं तर साडेतीन अंश होतात, रिलेवाल्या (विजेच्या स्विचांवर चालणाऱ्या) जुन्या मशीनची संथ चाल, आणि वेळ 2.2 सेकंदांच्या आसपास जातो. खरी गोळी 27 मिलिमीटरची, 80 ग्रॅमची, पोलादी. पण भरीव गोल वस्तू घरंगळताना वजनाचा हिशोब लागत नाही, म्हणून कंचा चालतो. रबरावरची उसळी मात्र कंच्यावरून ठरवू नका. मोबाईलवर स्लो-मोशनमध्ये मोजा आणि टेबलातली गोळी तेवढाच वेळ घेईपर्यंत गुरुत्व बदलत राहा. स्वतःचं इंजिन (गोळीच्या हालचालीचं गणित करणारा प्रोग्राम) लिहिणारे इथं हमखास फसतात. घसरणाऱ्या वस्तूचं सूत्र टाकतात, घरंगळण्यासाठी प्रवेग 5/7 ने गुणायचं विसरतात, आणि गोळी 1.34 सेकंदांतच खाली येते.

व्हिज्युअल पिनबॉल हे टेबल बनवायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात गोळीचा व्यास 50 युनिट, म्हणजे इंचाला 47. सगळी मापं त्या हिशोबानं टाका. फ्लिपर, म्हणजे गोळी परत वर उडवणाऱ्या बटणावरच्या दांड्या, 1947 च्या हम्प्टी डम्प्टी या मशीनपासून आले. सुरुवातीचे 2 इंची, पुढं 3 इंची झाले. जुन्या टेबलाला 3 इंची लावले की मधली फट बुजते आणि गोळी पडायचं नावच घेत नाही.

फ्लिपर हलवणाऱ्या कॉइलला (विजेच्या चुंबकाला) दोन वेढे असतात. जाड तारेचा झटका देतो. दांडी टोकाला पोचली की एक स्विच उघडतो आणि बारीक तारेचा वेढा तिला नुसता धरून ठेवतो. म्हणून वर धरलेल्या फ्लिपरवर गोळी आदळली तर तो किंचित दबतो. सिम्युलेशनमध्ये सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच ताकद ठेवली की ही लवचिकता जाते आणि गोळी फ्लिपरवर थोपवून धरताच येत नाही.

आता स्कोअर. इलेक्ट्रॉनिक मशीनचं सोपं आहे, मूळ रॉम (मशीनच्या चिपमधला प्रोग्राम) पिनमेम या सॉफ्टवेअरमध्ये चालते, नियम लिहावे लागत नाहीत. (रॉमवर कॉपीराइट असतो, हे ध्यानात ठेवा.) रिलेवाल्या मशीनला रॉमच नाही. वायरिंगचा नकाशा आणि स्कोअर कार्ड वाचून नियम हातानं लिहायचे. 50 गुण म्हणजे स्कोअर मोटर फिरून दहाचे पाच ठोके, चक्र पाचदा सरकतं, घंटी पाचदा वाजते. त्या दरम्यान दुसरा दहाचा स्विच लागला तर तो गुण बहुधा बुडतो. एका ओळीत 50 मिळवून मोकळे झालात तर जमाखर्च बरोबर, मशीन खोटं. टिल्टही (मशीन जास्त हलवलं की खेळ थांबवणारी सोय) असाच: कड्यात लोंबणारा गवंड्याचा ओळंबाच तो. धक्क्यानंतरही हलत राहतो, म्हणून लागोपाठचा दुसरा हलका धक्काही भोवतो. नुसते धक्के मोजून टिल्ट देऊ नका.

वायरलेस कीबोर्ड टाळा, टीव्ही वापरत असाल तर चित्राचा उशीर कमी करणारा गेम मोड लावा. गोळी सेकंदाला मीटरभर वेगानं येत असेल तर 60 मिलिसेकंदांच्या उशिरात ती 6 सेंटीमीटर पुढं जाते, म्हणजे जवळजवळ अख्खा फ्लिपर.

गोळी भिंतीतून आरपार गेली तर आधी गणिताची स्टेप, म्हणजे गोळीची जागा किती वेळानं मोजली जाते ते, पाहा. सेकंदाला 4 मीटर वेग असला तर 60 फ्रेमच्या हिशोबात गोळी एका उडीत 6.7 सेंटीमीटर जाते, पातळ भिंत तिला लागतच नाही. 1 मिलिसेकंदाची स्टेप ठेवली तर उडी 4 मिलिमीटरची. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 वर गेला की जुना लॅपटॉप स्वतःला वाचवायला वेग कमी करतो आणि टेबल अडखळू लागतं. तेव्हा सावल्या, प्रतिबिंबं बंद करा, स्टेपला हात लावू नका. आणि फाईल सारखी सेव्ह करत जा, लाईनचा काही नेम नाही.