जावयाचा हँडब्रेक

खान्देशात हँडब्रेकला तसं कोणी विचारत नाही. तापीच्या खोऱ्यातली जमीन सपाट. उतार बघायचाच तर चाळीसगाव ओलांडून कन्नडच्या घाटात जावं, नाहीतर तोरणमाळ चढावं. एरवी गाडी उभी केली की गिअरमध्ये टाकायची आणि फारच शंका आली तर चाकामागे दगड. आमच्या अमळनेरात दगडाला तोटा नाही. तो जर्मनीहून मागवावा लागत नाही, त्याला स्प्रिंग नसते, डावा-उजवा असला भेदही नसतो.

दाजींना हे पटत नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहणार धुळे, धंदा पाइपांचा, व्यसन एकच: १९७८ची पोर्श ९११ एससी. मुंबईच्या एका म्हाताऱ्या शौकिनाकडून त्यांनी ती घेतली त्या वर्षी ताईच्या पाटल्या व्हायच्या होत्या. त्या अजून व्हायच्या आहेत. गाडीची डिकी पुढे, इंजिन मागे. इंजिन थंड ठेवायला पाणी नाही, वारा लागतो. आणि आमच्याकडचा मे महिन्यातला वारा ४४ अंशांचा. त्यात दोन सीटच्या मधोमध, हँडब्रेकला खेटून, हीटरची दांडी. तिकडे बर्फात तिचा उपयोग होत असेल. इकडे दाजी घाईत हँडब्रेकऐवजी तीच ओढतात आणि पारोळ्याच्या पुढे ताईचा मेकअप उतरायला लागतो.

तर आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया. खान्देशात दिवाळीपेक्षा आखाजीची वाट जास्त बघतात. लेकी माहेरी येतात, लिंबाला झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात. जावयाने या सणाला खापरावरची पुरणपोळी आमरसात बुडवून खावी आणि पंख्याखाली आडवं व्हावं, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असते. आमचे दाजी पहिल्या भागापर्यंत सरळ चालले होते. दुसरी पोळी ताटात पडली आणि दारासमोरच्या रॅम्पवर लावलेली पोर्श निघाली. हँडब्रेक शेवटच्या दातापर्यंत ओढलेला होता, हे दाजींनी नंतर आल्यागेल्या प्रत्येकाला दाखवलं. ती मागे सरकली, त्यामुळे आधी इंजिन गेलं, मग दाजींचा जीव. समोरच्या तात्यांच्या कडब्याच्या गंजीने तिला पोटाशी धरलं. ओरखडासुद्धा नाही. तात्या बाहेर आले, गाडीकडे बघितलं, दाजींकडे बघितलं आणि म्हणाले, "दगड लाव ना भो!"

दाजींनी हात धुतले आणि डिकीतून एक खोकं काढलं. त्यात हँडब्रेकचे नवे शू होते, थेट जर्मनीहून आलेले. किंमत ताईसमोर सांगायची नाही असं त्यांनी मला डोळ्यांनीच बजावलं. तात्यांना मात्र त्यांनी बाजूला घेऊन हळूच सांगितली. तात्या मोठ्यांदा म्हणाले, "इतला पैसामा दोन गोऱ्हा येतस!"

आता या शूंची भानगड काय, ते सांगणं भाग आहे, कारण मला ते तीन वेळा ऐकवण्यात आलं. या गाडीच्या चारही चाकांना डिस्क ब्रेक. पायाने ब्रेक दाबला की पॅड डिस्कला धरतात. पण मागच्या डिस्कचा मधला भाग टोपीसारखा पोकळ असतो आणि त्या पोकळीत १८० मिलिमीटरचा छोटा ड्रम लपलेला असतो. त्यात चंद्रकोरीच्या आकाराचे दोन शू. ते पायाच्या ब्रेकला ओळखत नाहीत. त्यांचं नातं फक्त हँडब्रेकच्या केबलशी. म्हणजे लग्नात नवरीमागे उभा राहणारा मामा! धावपळ त्याची नाही, घाम त्याचा नाही, नुसतं उभं राहायचं. पण तोच हलला तर मंडपभर बोंब. गाडी पळत असताना हे शू काहीच करत नाहीत, म्हणून ते झिजतही नाहीत. बसून बसून त्यांचं लायनर, म्हणजे ड्रमला घासणारा वरचा थर, गुळगुळीत होतं, मागच्या पत्र्याला गंज धरतो आणि एक दिवस लायनर पत्रा सोडून देतं. काम न केल्याने खराब होणारा गाडीतला हा एकच भाग असावा. (आमच्या घरात आणखी एक दोन निघतील, पण सणाचे दिवस होते.)

जावयाला नाही म्हणायची आमच्याकडे रीत नाही. त्यामुळे बॅटरी धरायला मी.

गाडी जॅकवर घेतली, खाली घोड्या लावल्या, चाक उतरलं. इथवर पंक्चरवाल्याचं पोरगंही करतं. मग कॅलिपर, म्हणजे पॅड ज्यात बसतात तो भाग. तो सोडवून तारेने वर टांगायचा, कारण ब्रेकच्या नळीवर लोंबकळला तर नळीचं आयुष्य जातं. हेही झालं. मग आले ते दोन स्क्रू. डिस्क जागेवर धरून ठेवायला दोनच स्क्रू असतात, आणि ते १९७८ साली ज्याने आवळले त्याच्यानंतर बहुधा कोणाचा हात त्यांना लागलेला नव्हता. दाजींनी पेचकस लावला, मग पाना लावून पेचकस फिरवला, मग रॉकेल सोडलं, मग एका जर्मन माणसाच्या घराण्याचा उद्धार केला. शेवटी तात्यांनी स्क्रूवर पेचकस रोवून वरून हातोडीचे असे घाव घातले की वाड्यातली गाय उठून उभी राहिली. स्क्रू सुटले. तात्या "दगड" एवढंच म्हणाले आणि हातोडी ठेवून दिली.

डिस्क निघाली तसा आतून काळा भुगा खाली आला. शेजारचा बंट्या फुंकर मारायला वाकला, त्याला दाजींनी कॉलर धरून मागे ओढलं. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ते उडवायचं नसतं, ओलं करून पुसायचं असतं. तात्यांचा कपाशीच्या फवारणीचा पंप चार पाण्यांनी धुऊन आणला. तोंडाला उपरणी बांधून, पंपाचा दांडा हलवत, आम्ही पोर्शवर फवारणी केली. रस्त्याने जाणारा एक जण थांबून विचारता झाला, "कोणती अळी पडली?"

खरा छळ याच्या पुढे होता. शू जागेवर दाबून धरणाऱ्या दोन बारक्या स्प्रिंगा असतात, आणि त्या ज्या हबच्या, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाच्या, मागे बसतात तो हब निघत नाही. म्हणजे बोटं जात नाहीत, पक्कड जाते पण वळत नाही, आणि जिथून दिसतं तिथून हात पोचत नाही. दाजी आडवे, मी उकिडवा. "बॅटरी इकडे." "इकडे म्हणजे?" "मी बघतोय तिकडे." दाजींनी डोळे मिटलेले होते. मग 'टण्' असा आवाज झाला आणि एक स्प्रिंग आमच्या दोघांच्या मधून, लिंबाखालच्या झोक्याच्या दिशेने गेली. गौराईचं गाणं मधेच थांबलं. स्प्रिंग ताईच्या ओच्यात पडली होती. तिने ती उचलली, उन्हात धरली, उलटसुलट केली आणि शांतपणे विचारलं, "सोन्याची आहे का?"

दाजी गाडीखालून बाहेर यायला बराच वेळ लावत राहिले.

दुसऱ्या चाकाचं सगळं तसंच झालं, फक्त शिव्या छोट्या होत्या. नवे शू चढवताना दाजींनी हात साबणाने तीनदा धुतले, कारण लायनरला ग्रीसचं बोट लागलं तर सगळी मेहनत पाण्यात. मग डिस्कच्या भोकातून पेचकस घालून आतलं दातेरी चाक फिरवायचं: चाक पार अडेपर्यंत घट्ट, मग मोकळं फिरेपर्यंत काही दाते मागे. डावीकडे मोकळं फिरलं की उजवीकडचं किंचित घासतंय असं दाजींना वाटायचं, आणि उजवीकडचं जमलं की डावीकडचं. मी कान लावून ऐकायचो आणि काही ऐकू आलं नाही तरी "आता बरोबर" म्हणायचो.

संध्याकाळी परीक्षा. नव्या लायनरची भीड मोडायला आधी हँडब्रेक किंचित ओढून गाडी हळूहळू चालवायची, मग चढावर उभी करायची. चढ आणायचा कुठून? घरच्या रॅम्पवर ताईने बंदी घातली होती. शेवटी बाजार समितीच्या रस्त्याला एक वजनकाटा सापडला, जमिनीच्या वर बांधलेला, दोन्ही बाजूंनी चढ असलेला. पोर्श चढावर घेतली, गिअर काढला, दाजींनी हँडब्रेक ओढला (हँडब्रेकच, मी खात्री केली) आणि पाय वर उचलून बसले. गाडी इंचभर हलली नाही. दाजींच्या डोळ्यांत पाणी आलं. मागे मक्याचा ट्रक हॉर्न मारायला लागला.

काट्यावरचा माणूस खिडकीतून ओरडला, "वजन करायचं तर वर घ्या, नाहीतर खाली घ्या!" खाली घ्यायला मागे ट्रक होता, म्हणून वर घेतली. पैसे भरले. पावती आली: १,३३० किलो. दाजी खूश. आम्ही दोघं आणि हत्यारं वजा केली की कंपनीचा १,१६०चा आकडा जवळजवळ जुळत होता. घरी जाईपर्यंत ते तेवढंच बोलत होते, त्यामुळे पावतीवरचा 'माल' हा रकाना आधी ताईने वाचला. तिथे त्या माणसाने 'भंगार' लिहिलं होतं.